बाबांच्या उरलेल्या गोळ्या

बाबांना शेवटची अंघोळ घालत होते. मी स्वयंपाकघरात उभी होते, तेवढ्यात काकांची हाक आली, "अगं, इकडे ये जरा. यांच्या दंडाला हे काय चिकटलंय?"

फेंटानिलचा पॅच होता. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, पारदर्शक. तो दर तीन दिवसांनी बदलायचा असतो, म्हणून त्यावर मीच बॉलपेननं तारीख आणि वेळ लिहिली होती. अजून एक दिवस बाकी होता. मी नखानं एक कोपरा उचलला आणि हळूहळू ओढायला लागले. एरवी पॅच निघताना बाबांची कातडी ओढली जायची आणि ते चेहरा वाकडा करायचे, म्हणून हात आपोआपच हळू चालला. काका म्हणाले, "ओढ की, आता कुठं दुखणारेय."

चिकट बाजू आत घेऊन मी पॅच दुमडला आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवला. हे सिस्टरांनी शिकवलं होतं. वापरून झालेल्या पॅचमध्येसुद्धा बरंच औषध शिल्लक असतं. लहान मुलानं तो अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला तर त्याचा श्वास थांबू शकतो. दादाची तीन वर्षांची मुलगी तेव्हा सगळ्यांच्या पायांत घुटमळत होती. तिला स्टिकर फार आवडतात.

वैकुंठात विद्युतदाहिनीबाहेरच्या बाकावर बसले होते, तेव्हाही ती गाठ माझ्या मुठीत होती. संध्याकाळी सिस्टरांना फोन केला. त्या आधी दोन क्षण काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पॅच कमोडमध्ये टाक आणि फ्लश कर. बाकीचं सगळं बाजूला ठेव. घाईनं काही फेकू नकोस."

ते शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही.

माणूस गेल्यावर त्याच्या प्रत्येक वस्तूचं काय करायचं हे आपल्याकडे कुणाला ना कुणाला ठाऊक असतं. अस्थी कुठे न्यायच्या ते आत्याला माहीत होतं. कपडे कुणाला द्यायचे ते आईला. भाड्यानं आणलेला लोखंडी पलंग परत न्यायला माणूस आला, त्यानं एक चाक डुगडुगतंय म्हणून डिपॉझिटमधले पाचशे कापले. पेन्शनचे कागद दादानं केले. उरला तो मिठाईचा पत्र्याचा डबा. त्यात स्ट्रिप, अर्धवट कापलेल्या स्ट्रिप, बद्धकोष्ठावरचं सिरप, उलटीच्या गोळ्या, जेवणाबरोबर घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या महागड्या कॅप्सूल. फ्रिजच्या दारात इन्सुलिनची तीन पेनं. बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. तो साखरही वाढवतो, पचनही बंद पाडतो आणि पाठीतून आरपार दुखवतो, त्यामुळे आमचा डबा चांगलाच भरलेला होता.

अस्थी हरिहरेश्वरला न्यायच्या ठरल्या तेव्हा आत्या म्हणाली, "हा डबाही घे बरोबर. त्याची औषधं त्याच्याबरोबर जाऊ देत समुद्रात." तिच्या बोलण्यात चूक काढावीशी वाटत नव्हती. त्या डब्याकडे बघवत नव्हतं, आणि कुणीतरी त्याला एक विधी दिला होता.

पण बाबांनी हे चालवून घेतलं नसतं.

बाबा पशुधन पर्यवेक्षक होते. नोकरीची पहिली बरीच वर्षं रायगडात, श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला गेली. गावाबाहेर मेलेली गुरं टाकायची जागा असायची, आणि गिधाडं तासाभरात बैल साफ करायची असं ते सांगायचे. नंतर ती दिसेनाशी झाली. कुणी म्हणे झाडं तुटली, कुणी म्हणे रोग आला. खरं कारण २००४ साली जगासमोर आलं. पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांच्यात डायक्लोफेनॅक सापडलं. दुखणाऱ्या जनावराला हे इंजेक्शन द्यायचं, ते जनावर दोन दिवसांत मेलं तर औषध मांसात राहायचं. गिधाडानं ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. अशी मढी फार असावी लागत नव्हती. शंभरात एखादंसुद्धा पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली.

"त्यातली किती इंजेक्शनं मी टोचली असतील," बाबा म्हणायचे. फार दुःखानं नाही, हिशेब मांडावा तसं. "गुरांना बरं वाटायचं रे. लंगडणारा बैल संध्याकाळी चालायचा. वाईट औषध नव्हतंच ते."

दीड वर्षापूर्वी त्यांची पाठ दुखायला लागली. तीन महिने आम्ही ती पाठदुखीच समजत होतो, आणि तीन महिने ते केमिस्टकडून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून घेत होते. "गिधाडं मारायची गोळी दे गं," असं म्हणून पाणी मागायचे.

तर, मेल्यावर मागे राहिलेलं औषध कुठे जातं याची गोष्ट ज्या घरात जेवताना सांगितली जायची, त्या घरातला डबा मी समुद्रात कसा सोडणार होते? आत्याला म्हटलं, "नको, मी बघते." ती रागावली नाही. घरी जायला निघताना न उघडलेली बामची बाटली मात्र घेऊन गेली.

औषधांवर बऱ्याच जणांची नजर असते, हे त्या दिवसांत कळलं. खालच्या मजल्यावरचे काका भेटायला आले, पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "साखरेच्या गोळ्या उरल्या असतील ना? माझ्याही त्याच चालू आहेत." मी स्ट्रिप उचललीही होती. सहज मागच्या बाजूला नजर गेली. बाबांची १००० मिलिग्रॅमची होती. त्यांना विचारलं तर ते ५०० ची घेत होते. "मग अर्धी करून घेईन," ते म्हणाले. ती गोळी हळूहळू विरघळणारी होती, तशा गोळ्या मोडून घ्यायच्या नसतात. मी दिली नाही. त्यांना वाईट वाटलं, ते अजून जरा तुटक बोलतात.

केमिस्टनं एन्झाइमची सीलबंद बाटली बिल बघून परत घेतली. कापलेल्या स्ट्रिपवर बॅच नंबर आणि मुदत राहत नाही म्हणून त्या नाकारल्या. इन्सुलिनला तर हातच लावला नाही. "तुमच्या घरी रात्री लाइट गेली होती की नाही, मला काय माहीत?" बरोबर होतं त्याचं.

आणि मग पंधराव्या दिवशी मी कंटाळले. घरात पाहुणे नव्हते. आई देवळात गेली होती. एक काळी पिशवी घेतली आणि बाबांच्या खोलीतलं सगळं तिच्यात कोंबायला लागले. हातमोजे, कापूस, डायपरची रिकामी पाकिटं, इन्सुलिनची पेनं, पेनाच्या सुया. शेवटच्या महिन्यात घाईघाईत आम्ही कित्येक सुयांना टोपण लावलंच नव्हतं, एका बरणीत नुसत्या टाकत गेलो होतो. ती बरणी मी पिशवीत उपडी केली. काचेची होती, चांगली होती, धुऊन परत वापरू असा विचार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या. बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"ताई, सुई होती तुमच्या पिशवीत. आजारी माणसाची होती का?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते असं विचारलं, जणू दूध कुठल्या डेअरीचं घेता म्हणून विचारतायत. त्या कोरडा कचरा हातानं निवडतात, त्यावरच त्यांची कमाई. चार मिलिमीटरची सुई पिशवीच्या आरपार येते, हे मला कळायला हवं होतं. चार महिने मीच ती रोज टोचत होते.

बाबांची जाडजूड फाइल बाहेर काढली. कावीळ झाली तेव्हा त्यांच्या पित्तनलिकेत स्टेंट टाकला होता. त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. तिन्ही निगेटिव्ह. तो कागद घेऊन आम्ही रिक्षानं महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मावशींचं रक्त घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कावीळ बीच्या लशीचा पहिला डोस दिला आणि पुन्हा तपासायला कधी यायचं ते लिहून दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा कागद सगळ्यांकडे नसतो." रिक्षात मी मावशींच्या हातात पैसे ठेवले. त्यांनी एका दिवसाच्या मजुरीएवढे मोजून घेतले आणि उरलेले माझ्या पर्सवर ठेवले.

पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी वापरलेली सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढंच मागण्यासाठी केवढी मोहीम चालवली. मी कॉलेजात असताना त्याच्या पोस्ट शेअर केल्या होत्या. मुदत संपलेली औषधं आणि सुया यांना २०१६ च्या घनकचरा नियमांत 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं, तो वेगळाच द्यायचा असतो, हे मात्र मावशींच्या बोटाला लागल्यावर वाचलं. घरात सापडलेल्या उरल्यासुरल्या सुया आता कपड्यांच्या लिक्विडच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकल्या, झाकणाला चिकटपट्टी लावली, वर लाल मार्करनं 'सुया' लिहिलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे दवाखान्याचा कचरा न्यायला वेगळी गाडी येते, त्यांनी ती बाटली त्यात घेतली. एवढं सोपं होतं.

बाकीच्या गोळ्यांसाठी मी बरेच दिवस विचारत फिरले. वॉर्ड ऑफिसात एकानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसरा जेवायला गेला होता. केरळमध्ये औषध नियंत्रण विभागानं २०२५ मध्ये कोळिकोडपासून अशी औषधं लोकांकडून गोळा करायला सुरुवात केलीय. त्याच वर्षी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं उरलेल्या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १७ औषधांची एक यादी आहे, जी घरात ठेवू नका, कचऱ्यात टाकू नका, सरळ फ्लश करा असं म्हटलंय. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम त्यात आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाबांची गिधाडं आठवली आणि पटेना. आपली सांडपाण्याची केंद्रं औषधं गाळून काढायला बांधलेली नसतात. पण या यादीतली औषधं चुकीच्या माणसाच्या हाती एकदाच पडली तरी जीव जाऊ शकतो, म्हणून नदीचं थोडं नुकसान पत्करायचं, असा तो सौदा आहे. सूचना फक्त त्या १७ औषधांसाठी आहे. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची, पित्ताची गोळी कमोडमध्ये टाकायची नाही. त्या मी पाकिटातून काढल्या, चहाच्या चोथ्यात कालवल्या म्हणजे कुणी उचलून खाणार नाही, डब्यात बंद केल्या आणि 'औषधं' लिहून मावशींना हातात दिल्या, सांगून. हा काही आदर्श उपाय नाही. डेपोवर त्याचं काय होतं ते मला दिसत नाही. बाबांनी नक्की विचारलं असतं.

मॉर्फिनच्या गोळ्या तेवढ्या राहिल्या, आणि पॅचच्या पाचाच्या खोक्यातले दोन कोरे पॅच. यादीप्रमाणे तेही फ्लश करता आले असते. पण आमच्या पॅलिएटिव्ह केंद्रात ते परत घेतात आणि वहीत नोंद करतात, म्हणून सिस्टरांनी मोजून आणायला सांगितलं होतं. मॉर्फिनचा हिशेब काटेकोर असतो. भारतात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात. तरी कितीतरी वर्षं दुखणाऱ्या माणसापर्यंत मॉर्फिन पोचायचं नाही, कारण एकेका बाटलीसाठी अनेक खात्यांचे परवाने लागायचे. २०१४ मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठे जरा सुकर झालं. आम्हाला दर पंधरवड्याला सही करून ९० गोळ्या मिळायच्या. दहा मिलिग्रॅमची एक, सकाळी सहाला, दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला, आणि रात्री दहाला दोन. दिवसाला सहा.

जेवणाच्या टेबलावर मी त्या मोजल्या. सहा स्ट्रिप आणि तीन सुट्या. त्रेसष्ट.

दोनदा ९० मिळाल्या होत्या, म्हणजे १८०. तेवीस दिवस गोळ्या चालल्या, मग गिळता येईना म्हणून पॅच लावला. तेवीस सक १३८. उरायला हव्या होत्या ४२.

परत मोजल्या. त्रेसष्टच. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय लटकत होतं, त्यावर आई प्रत्येक डोसला पेन्सिलनं रेघ मारायची. रोजच्या चौकोनात सहा रेघा. एकही चुकलेली नाही. कागदावर सगळं दिलेलं होतं आणि डब्यात एकवीस गोळ्या जास्त होत्या.

आई बिरड्याचे वाल सोलत बसली होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच बिरडं करत होती.

"आई, रात्रीच्या दोन द्यायचीस ना?"

ती मान वर न करता म्हणाली, "एकच द्यायचे."

"रेघा दोन आहेत."

"तू बघायचीस ना सकाळी उठल्यावर."

मग वाल सोलता सोलता सांगितलं. पहिल्या रात्री दोन दिल्या होत्या. ते इतके गाढ झोपले की हाक मारली तर ओ देईनात. तिनं रात्रभर त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजला. दुसऱ्या रात्रीपासून एकच. "शिवाय सवय लागते म्हणतात त्याची. तुझ्या आत्यानंही सांगितलं होतं, फार देऊ नका." पहिली रात्र सोडली तर बावीस रात्री होतात, गोळ्या एकवीस होत्या. एक बहुधा उलटीत गेली असेल आणि परत दिली असेल. तेही मी विचारलं, जसं काही त्या एका गोळीनं फरक पडणार होता. आईला आठवत नव्हतं.

तिच्यावर ओरडावंसं वाटलं, हे खरं आहे. पण रात्री बाबांजवळ ती असायची. मी पलीकडच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या लोकांशी अडीच-अडीचपर्यंत कॉलवर. कॉल संपला की घर शांत व्हायचं आणि मग तीनच्या सुमाराला पलंग करकरायचा. बाबा उठून काठावर बसायचे. दाराखालच्या फटीत दिवा लागलेला दिसायचा. एकदा मी आत डोकावले तर म्हणाले, "गॅस झालाय. झोप तू." मी झोपले.

केंद्रात आईही आली. येऊ नकोस म्हटलं तर म्हणाली, "सही माझीच लागेल." सिस्टरांनी आमच्यासमोर टेबलावर पांढरा कागद पसरला आणि गोळ्या मोजायला घेतल्या. मध्येच थांबल्या, वही मागे उलटून बघितली, माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. आईच म्हणाली, "रात्रीची दुसरी मी देत नव्हते."

सिस्टर गोळ्या बाजूला सारून खुर्चीत मागे टेकल्या. "काकू, रात्री दोन अशासाठी की मध्यरात्री दोनला उठवून द्यायला लागू नये. गोळी चार तास चालते. दोन दिल्या की सकाळपर्यंत जाते."

"म्हणजे ते तीनला उठून बसायचे..."

"दुखत असणार," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी ते वाक्य मऊ केलं नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "मीच तुमच्याशी बोलायला हवं होतं. मी मुलीला समजावलं. रात्री कोण असतं ते विचारलंच नाही." आणि मग, "बऱ्याच घरांतून अशा परत येतात. काही घरांतून सगळ्याच्या सगळ्या येतात."

त्यांनी वहीत आकडा लिहिला. गोळ्या ६३, पॅच २. या दोघांच्या सह्यांनी नष्ट करतात, असं सांगितलं. आईनं सही केली, पुढच्या रकान्यात 'रुग्णाशी नातं' होतं, तिथं 'पत्नी' लिहिलं. उठताना तिनं मिठाईचा डबा परत मागून घेतला.

रिक्षात तो तिच्या मांडीवर होता. सिंहगड रोडला ट्रॅफिक तुंबलं होतं, बराच वेळ आम्ही एकाच जागी उभे होतो. तिनं विचारलं, "तुला ऐकू यायचं का रात्री? ते उठलेले?"

मी हो म्हटलं.